जुना पिकअप सकाळी चालू व्हायला त्रास का देतो?

जुन्या पिकअपच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते. सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ बराच वेळ घुरघुरत राहतो, इंजिन धरता धरता सोडून देते आणि चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला कसेबसे चालू होते. त्यावरचा उपायही बहुधा ठरलेलाच असतो. आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ उघडला जातो, मग फिल्टर, मग हीटर प्लग, आणि शेवटी नोझल व पंप खोलण्याची भाषा सुरू होते. प्रत्येक कामानंतर चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. याचे कारण असे, की ‘गाडी स्टार्टिंगला त्रास देते’ या एकाच वाक्याखाली निदान चार-पाच निरनिराळे दोष मोडतात. त्यांची लक्षणे वेगवेगळी असतात आणि त्यांतली बरीचशी पाना हाती घेण्यापूर्वीच ओळखता येतात. या लेखात मुख्यतः डिझेलचा यांत्रिक पंप असलेली जुनी डिझेल गाडी गृहीत धरली आहे. पेट्रोल गाडीचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

इंजिन चालू होण्यासाठी काय काय जुळून यावे लागते

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये आलेली हवा पिस्टन इतकी दाबतो, की तिचे आकारमान साधारण सोळाव्या ते बाविसाव्या हिश्शाएवढे उरते. या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. हे घडायला तीन गोष्टी लागतात: इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, दाबलेली हवा निसटता कामा नये, आणि डिझेल वेळेवर, हवेच्या बुडबुड्यांशिवाय पोहोचले पाहिजे.

यांतली वेगाची अट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी विजेची मोटर, इंजिनाला मिनिटाला साधारण दीडशे ते दोनशे फेरे देत असेल, तर दाबलेल्या हवेची उष्णता थंड भिंतींत मुरण्याआधीच डिझेल पेटते. तोच वेग निम्म्यावर आला की हवा पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या बाजूने निसटायला आणि तिची उष्णता लोखंडात जिरायला भरपूर वेळ मिळतो. सेल्फ फिरताना दिसतो, डिझेलही जाते, पण इंजिन धरत नाही. अशा वेळी नोझलवर संशय घेतला जातो आणि खरा दोषी, म्हणजे विजेची एखादी गंजलेली जोडणी, जागच्या जागी राहते.

आधी कान, मग पाना

किल्ली फिरवल्यावर येणारा आवाज नीट ऐकावा. काहीच आवाज आला नाही, तर विजेचा हुकूमच सेल्फपर्यंत पोहोचत नाही, आणि किल्लीचा स्विच, रिले (छोट्या प्रवाहाने चालणारा विजेचा स्विच) किंवा बारीक वायर तपासावी लागते. ‘टक टक टक टक’ असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी सैल आहे. एकच जड ‘टक्’ ऐकू येऊन पुढे शांतता पसरली, तर सेल्फवरच्या सोलेनॉइडचे तांब्याचे संपर्क झिजलेले असू शकतात. सोलेनॉइड म्हणजे मोठा प्रवाह सोडणारा विद्युतचुंबकी स्विच. याच वेळी हेडलाइट लावून पाहावेत. सेल्फ मारताना ते पार विझत आले, तर बॅटरी अशक्त आहे, जोडणी खराब आहे किंवा सेल्फ अडकला आहे. प्रखरच राहिले, तर प्रवाह सेल्फपर्यंत जातच नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. त्रास फक्त सकाळी थंड इंजिनाला होतो, की लांबून येऊन पंधरा मिनिटे उभ्या केलेल्या तापल्या गाडीला होतो, की दोन-चार दिवस गाडी हललीच नाही तर होतो? या प्रश्नाचे नेमके उत्तर देणाऱ्या मालकाने मेकॅनिकचे अर्धे काम केलेले असते. ‘कधी होते, कधी होत नाही’ एवढ्या माहितीवर कोणीही फक्त अंदाजच करणार.

सेल्फ सुस्त फिरत असेल तर

येथे साधा मल्टीमीटर हवाच. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी आहे आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव भाग उरला आहे. पण नुसत्या उभ्या बॅटरीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सेल्फ फिरत असताना तो साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. विश्रांतीत १२.६ आणि सेल्फ मारताच ८, अशी घसरण झाली, तर बॅटरी आतून संपत आली आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत आहे. इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले, तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर आपले काम करतो आहे. दोन बॅटऱ्यांच्या २४ व्होल्टच्या गाडीत हे आकडे दुप्पट समजावेत.

थंडीत हे सारे अधिक बिकट होते, कारण शून्य अंशाच्या आसपास बॅटरीची ताकद सुमारे एक पंचमांशाने घटते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसत असेल, तर किल्ली काढल्यावरही कुठेतरी प्रवाह वाहत असणार. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह चालून जातो. अर्धा अँपिअर वाहत असेल, तर दिवसाला १२ अँपिअर-तास, म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी अडीच दिवसांत निम्मी होते.

‘पण बॅटरी तर नवीच टाकली आहे’

हा आक्षेप हमखास येतो आणि तो ऐकूनच अनेकदा तपास भलत्या दिशेने वळतो. बॅटरीत ताकद असणे आणि ती सेल्फपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिझेल गाडीचा सेल्फ सहज ३०० अँपिअर प्रवाह घेतो. वाटेतल्या एखाद्या जोडणीत ०.०१ ओहम इतकाच विरोध असला, तरी ३०० गुणिले ०.०१, म्हणजे तब्बल ३ व्होल्ट तेथेच उष्णतेत वाया जातात. १२ व्होल्टमधून आधीच बॅटरीवर दोन-अडीच व्होल्ट पडलेले असताना आणखी तीन गेले, तर सेल्फ सुस्त फिरणार नाही तर काय?

हा विरोध मल्टीमीटरच्या ओहमच्या खुणेवर दिसत नाही, कारण साध्या मीटरला इतका सूक्ष्म आकडा भरवशाने मोजता येत नाही. टेस्ट लॅम्पही फसवतो. जाड वायरचा एकच धागा शाबूत असला, तरी त्यावर दिवा लख्ख पेटतो. म्हणून सेल्फ फिरत असतानाच व्होल्टेजची घट मोजावी लागते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढावा आणि पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून ठेवावी, म्हणजे इंजिन मध्येच चालू होणार नाही. स्टॉप सोलेनॉइड म्हणजे किल्ली बंद करताच डिझेल तोडणारा विजेचा खटका. आता मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि दुसरे सेल्फच्या जाड वायरच्या स्टडवर ठेवून दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. मग एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवून तेच करावे, येथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त घट नको.

टोक ठेवण्याची जागा महत्त्वाची आहे. ते टर्मिनलच्या पकडीवर न टेकवता शिशाच्या खांबाच्या मधोमध टेकवावे. मग तेच टोक पकडीवर सरकवून पुन्हा सेल्फ मारला आणि आकडा एकदम कमी झाला, तर वरून चकचकीत दिसणाऱ्या त्या पकडीच्या आत काळसर थर बसला आहे असे समजावे. पकड सोडवून खांब आणि पकडीची आतली बाजू पॉलिश कागदाने घासली की सेल्फचा आवाजच बदलतो. सोडवताना ऋण वायर आधी काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी, नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणग्या उडतात.

जुन्या पिकअपमध्ये ऋण बाजूचा दोष, माझ्या मते, धन बाजूपेक्षा जास्त वेळा सापडतो आणि कमी वेळा शोधला जातो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे चासीशी त्याचा विजेचा संबंध केवळ एका विणलेल्या पट्टीने, म्हणजे अर्थिंगच्या पट्ट्याने जोडलेला असतो. चिखल, पाणी आणि वरून मारलेला रंग यांनी तो पट्टा आतून कुजतो. मग प्रवाह दुसरी वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल हाताला गरम लागत असेल, तर सेल्फचा प्रवाह त्या केबलमधून परततो आहे याबद्दल शंका उरत नाही.

दोन्ही बाजूंची घट मर्यादेत असून बॅटरीही सुदृढ असेल, तरच सेल्फ काढावा. तापलेल्या गाडीत सुस्त आणि थंड गाडीत ठीक फिरणाऱ्या सेल्फमध्ये झिजलेले बुश, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्या, हे नेहमीचे कारण असते; बुश झिजल्याने आतला फिरता भाग कडेला घासू लागतो.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही: धूर पाहा

या वेळी एकाने सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहत उभे राहावे. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल सिलिंडरमध्ये पोहोचते आहे, पण पेटत नाही. म्हणजे हीटर प्लग, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) किंवा पंपाचे टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ) यांच्याकडे वळावे. धूर अजिबात येत नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही. दहा सेकंदांच्या या निरीक्षणाने निम्मा तपास बाद होतो, आणि तरीही ते करणारे थोडेच.

धूर नसेल, तर पहिला संशय स्टॉप सोलेनॉइडवर घ्यावा. किल्ली चालू करताच पंपाजवळ बारीक ‘टिक्’ ऐकू आले पाहिजे. ते आले नाही, तर फ्यूज आणि वायर पाहावी. सोलेनॉइड ठीक असेल, तर प्रश्न डिझेलच्या वाटेचा, आणि जुन्या गाडीत तो बहुधा हवेचा असतो.

‘डिझेल गळत नाही, मग हवा शिरेल कोठून?’

टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. त्यामुळे त्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो आणि बारीक चिरेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. भोक पडलेल्या नळीने पाणी ओढले तर तोंडात हवाच जास्त येते, तसे. खाली एक थेंबही दिसत नाही आणि तरी रात्रभरात त्या चिरेतून शिरलेली हवा नळीतले डिझेल टाकीकडे परत सोडते. सकाळी पंपाला आधी ती रिकामी नळी भरावी लागते. एकदा चालू झालेली गाडी दिवसभर निमूट चालते, कारण थोडे बुडबुडे चालू इंजिन सहन करते.

याची ओळख पटवायला तीन सोप्या कसोट्या आहेत. सकाळी किल्लीला हात लावण्यापूर्वी फिल्टरवरचा हँड पंप दाबून पाहावा. तो पहिले काही वेळा पोकळ जाऊन मग कडक झाला आणि त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर हवा धरली होती. दुसरी कसोटी उताराची: रात्री गाडीचे तोंड चढाकडे करून ठेवली की त्रास वाढतो आणि उताराकडे करून ठेवली की कमी होतो, असे असेल, तर डिझेल मागे परतते आहे. तिसरी, पंपाच्या तोंडाशी डिझेलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा बसवावा. सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे सोडून द्यावेत. इंजिन चालू असताना बुडबुड्यांची माळ सुटत राहिली, तर वाटेत कोठेतरी छिद्र आहे.

मग छिद्र कोठे आहे ते शोधायचे. स्वच्छ डिझेलचा डबा पंपापेक्षा उंच ठेवून नव्या नळीने तो थेट पंपाला जोडावा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी ती पहिल्या झटक्याला चालू झाली, तर दोष टाकी ते पंप या वाटेत आहे. त्या वाटेतले नेहमीचे संशयित म्हणजे उन्हाने व तेलाने कडक झालेली रबरी नळी, हँड पंपाचा फाटका पडदा, फिल्टरचे चेपलेले रबर आणि पुन्हा तसेच वापरलेले तांब्याचे वॉशर. टाकी भरलेली असताना गाडी शहाण्यासारखी वागते आणि निम्म्यावर आली की रुसते, असे असेल, तर टाकीतली ओढनळीच वरच्या बाजूला कुजलेली असू शकते. एका नोझलवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या, जास्तीचे डिझेल परत नेणाऱ्या बारीक नळ्याही पाहाव्यात. तडकलेल्या नळीतून हवा तेथूनही शिरते.

हवा काढण्यासाठी नोझलच्या पाइपचे नट ढिले करण्याची रीत जुन्या यांत्रिक पंपाला चालते, पण हात लांब ठेवून. तेथे डिझेल शंभराहून अधिक बार दाबाने फवारते आणि ती धार कातडीतून आत घुसू शकते. नव्या कॉमन रेल गाडीत, म्हणजे जेथे सर्व नोझलना एकाच सामाईक नळीतून डिझेल मिळते तेथे, हा प्रयोग मुळीच करू नये. तेथला दाब हजार बारच्या पुढे असतो.

हीटर प्लग

थंड इंजिनात सुरुवातीची ऊब देणारा तापता दांडा म्हणजे हीटर प्लग. पूर्वकक्षाच्या जुन्या इंजिनांत, म्हणजे जेथे डिझेल आधी एका लहानशा कप्प्यात फवारले जाते तेथे, हवेचा स्पर्श जास्त लोखंडाला होतो आणि उष्णता लवकर जिरते. म्हणून ती इंजिने सौम्य हवेतही प्लगवाचून कुरकुरतात. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला म्हणजे प्लग तापले, असा समज आहे. दिवा बहुतेक गाड्यांत केवळ ठरलेली वेळ संपल्याचे सांगतो. चारही प्लग जळालेले असले तरी तो तितक्याच इमानाने विझतो.

प्लग जोडणारी पट्टी काढून प्रत्येकाचा विरोध मोजावा. चांगला प्लग थंड असताना बहुधा २ ओहमच्या आत असतो. जळालेला प्लग मीटरला तुटलेल्या वायरसारखा दिसतो. इंजिन चालू झाल्यावर मिनिटभर थरथरते, पांढरा धूर सोडते आणि मग गुळगुळीत चालते, हे एक-दोन प्लग गेल्याचे लक्षण. सारे प्लग एकदम मेलेले वाटले, तर आधी रिले पाहावा. प्लग थेट बॅटरीला लावून तपासण्यापूर्वी त्यावर कोरलेला व्होल्टेजचा आकडा वाचावा, कारण सर्वच प्लग १२ व्होल्टचे नसतात.

‘स्प्रे मारला की लगेच चालू होते, मग तोच वापरू’

ईथरचा स्टार्टिंग स्प्रे डिझेलपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला पेटतो. म्हणूनच तो काम करतो आणि म्हणूनच तो घातक आहे. पिस्टन वर पोहोचण्याआधीच तो भडकला, तर रिंगा आणि पिस्टन यांच्यावर हातोडा बसावा तसा आघात होतो. हीटर प्लग तापलेले असताना तो आतल्या वाटेतच स्फोटासारखा पेटू शकतो. रोजची सवय म्हणून स्प्रे वापरणे म्हणजे स्वस्त दोष लपवण्यासाठी महाग दोष विकत घेणे होय.

धक्का मारून चालू करण्यात असा धोका नाही, उलट त्यातून माहिती मिळते. धक्क्याने इंजिन सेल्फपेक्षा जास्त वेगाने फिरते. म्हणून सेल्फने न धरणारी गाडी धक्क्याने सहज धरत असेल, तर डिझेलची वाट बहुधा ठीक आहे आणि उणीव वेगाची किंवा कॉम्प्रेशनची आहे. सेल्फही एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे, नाहीतर तपास चालू असतानाच सेल्फ जळतो.

पेट्रोल गाडी असेल तर

कार्बोरेटरच्या गाडीला थंडीत पेट्रोलचे प्रमाण जास्त लागते आणि ते चोक देतो. त्याची झडप पूर्ण मिटते का, हे एअर फिल्टर काढून डोळ्यांनी पाहावे. काही दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत फ्लोट चेंबरमधले, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या कोठीतले पेट्रोल उडून जाते, त्यामुळे पहिल्या वेळी सेल्फ थोडा जास्त मारावा लागणे हा दोष नव्हे. तापलेली गाडी बंद केल्यावर मात्र उष्णतेने पेट्रोल उकळून आत ओघळते आणि इंजिन ओले होते. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरावा आणि सेल्फ मारावा. वारंवार दाबला तर आणखी पेट्रोल आत जाते.

ठिणगी पाहायची असेल, तर जादा स्पार्क प्लग वायरला लावून इंजिनाला टेकवावा, पेट्रोलपासून दूर. निळी, कडकडीत ठिणगी चांगली. पिवळट आणि बारीक असेल, तर ठिणगी तयार करणारे भाग, म्हणजे पॉइंट, कंडेन्सर व कॉइल पाहावे. किल्ली सेल्फच्या खुणेवर असेपर्यंत इंजिन पेटते आणि किल्ली सोडताच मरते, हे कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा बॅलास्ट रेझिस्टर तुटल्याचे जवळपास खात्रीचे लक्षण आहे. इंजेक्शनच्या जुन्या गाडीत सेल्फ न मारता किल्ली दोन-तीनदा चालू-बंद करून पाहावी. त्याने गाडी पटकन धरली, तर पाइपातला पेट्रोलचा दाब उभ्या-उभ्या गळून जातो आहे.

‘गाडी जुनीच आहे, कॉम्प्रेशन गेले असणार’

असेलही, पण मोजल्याशिवाय ते मान्य करू नये. सुदृढ डिझेल इंजिन साधारण २५ ते ३० बार कॉम्प्रेशन दाखवते, आणि त्यासाठी डिझेलचाच गेज लागतो. पेट्रोलचा गेज या दाबाला टिकत नाही. एकूण आकड्याइतकाच सिलिंडरांच्या आकड्यांमधला फरक बोलका असतो. सर्व सारखे कमी असतील, तर इंजिन सर्वसाधारण झिजले आहे. एकच सिलिंडर बराच खाली असेल, तर दोष तेवढ्यापुरता आहे. त्या सिलिंडरमध्ये अगदी थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजल्यावर आकडा चढला, तर रिंगा गळत आहेत; हलला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ऑइल जास्त झाले, तर डिझेल इंजिनातल्या इवल्याशा मोकळ्या जागेत ते मावत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, म्हणून चमचाभरापेक्षा अधिक सोडू नये.

व्हॉल्व्हकडे बोट दाखवले गेले, तरी हेड उतरवण्याची घाई नको. वर्षानुवर्षांच्या वापराने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल रुततो, त्याच्या वरची टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांमधली बारीक जागा, हळूहळू मिटते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होतो. मग दाबलेली हवा तेथून निसटते आणि सकाळी इंजिन धरत नाही. टॅपेटची फट वाढली की खडखड ऐकू येते, म्हणून ती दुरुस्त केली जाते. फट मिटली की इंजिन उलट शांत होते आणि कोणाला संशयही येत नाही. फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी, ती तपासून गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे लावायला व्हॉल्व्हचे झाकण उघडण्यापलीकडे फारसे काही लागत नाही, आणि बैठक अजून जळालेली नसेल तर त्या एका कामाने कॉम्प्रेशन परत येते. तेव्हा हेडचे बोल्ट सैल करण्यापूर्वी टॅपेट लावून कॉम्प्रेशन पुन्हा एकदा मोजावे.